दोन बोटं डावीकडं

सुभेदार वाघमारे छर्रे निवडायचे. बायका तांदूळ निवडतात तसे, स्टीलच्या ताटात, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून. एअर रायफलचा छर्रा तो केवढा, तुरीच्या डाळीएवढा. पण सुभेदार एकेक उचलून उजेडाकडे धरणार, बोटांत फिरवून त्याची कड बघणार आणि मगच निकाल देणार. ताटात तीन ढीग पडत. एक सरळ छर्ऱ्यांचा, तो आम्हाला. एक चेपलेल्यांचा, तोही आम्हालाच, पण नवशिक्यांना. तिसरा ढीग अगदी लहान, आठ-दहा दाण्यांचा. तो तपकिरीच्या रिकाम्या डबीत भरून शर्टाच्या खिशात जायचा. ते अव्वल छर्रे पुढे कुठे जातात, हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. "घरी भाजी करत असतील," असं आमचे घड्याळवाले शेडगे म्हणायचे.

ही नव्वदनंतरची दोन-तीन वर्षं. साताऱ्यात औद्योगिक वसाहतीच्या अलीकडे एक बंद पडलेली तेलाची गिरणी होती. तिच्या पत्र्याच्या शेडमध्ये आमचा नेमबाजीचा क्लब भरायचा. क्लब म्हणजे नऊ हौशी माणसं, एक भिंत, तिच्यावर पुठ्ठ्याची लक्ष्यं आणि एक रायफल. तीही क्लबची नव्हे, सुभेदारांची. पेन्शन घेऊन घरी आल्यावर त्यांनी घेतलेली, बाजारातली सगळ्यात स्वस्त. नळी मोडून छर्रा भरायचा, नळी परत बसवायची आणि घोडा ओढायचा. आवाज असा यायचा की कुणी तरी चिडून दार आपटलंय. मी तेव्हा पाटबंधारे खात्यात कारकून होतो. डोक्यावरचे केस जाऊ लागले की माणूस काही तरी मर्दानी करायला बघतो, तसा मी या क्लबात शिरलो होतो.

सुभेदार कुणालाच नावानं हाक मारत नसत. शेडगे त्यांच्या लेखी 'घड्याळ', आणि मी 'पाटबंधारे'. "आवं पाटबंधारे, खांदा का वर घेताय? कालव्याचं दार उचलताय व्हय?" असं चारचौघांत ऐकून घ्यावं लागायचं.

त्या स्वस्तातल्या रायफलची त्यांनी जी सेवा केली, ती सख्ख्या सासूचीही कुणी केली नसेल. नेमाला बसण्याआधी लाकडी दस्त्याचे चारही स्क्रू आवळून बघायचे. नळीतून जुन्या धोतराची चिंधी ओढायची. छर्ऱ्याशिवाय घोडा ओढला तर त्या दिवशी तुमची पाळी बंद. आतला चामड्याचा वॉशर झिजला तर नवीन आणायचा नाही. सुभेदारांनी पलटणीतले बूट जपून ठेवले होते. त्यातल्या डाव्या बुटाची जीभ कापून, तेलात भिजवून त्यांनी तीन वॉशर केले. उजव्या बुटाला हात लावला नव्हता. "त्यो राखीव हाय," म्हणाले.

नवी रायफल घेऊ या असं कुणी म्हणालं, की त्यांचं एकच उत्तर. रायफलवर हात फिरवायचा आणि म्हणायचं, "हिच्यात अजून लय हाय. आदी हिच्यातलं समदं काडा, मग दुसरीचं नाव घ्या."

सगळं खरं, पण त्या रायफलमध्ये एक खोट होती. ती उजवीकडे मारायची. काळ्या ठिपक्यावर नेम धरा, छर्रा दोन बोटं उजवीकडे. नऊच्या नऊ जणांचा तोच अनुभव. नळीच्या टोकाला नेम धरायची माशी असते आणि मागे खाचेची पट्टी. त्या पट्टीचा एक बारका स्क्रू फिरवला की काम झालं असतं. याला पलटणीत झीरो करणं म्हणतात, हेही आम्हाला सुभेदारांनीच शिकवलं होतं. "स्क्रू फिरवला की पीळ मोजायचा. भिंतीवर खडूनं लिवायचा. न मोजता फिरवलेला स्क्रू म्हंजी वाट चुकल्याली म्हस." पण हा धडा नुसता तोंडी. या रायफलच्या पट्टीला हात लावायला सक्त मनाई होती. मग करायचं काय? "दोन बोटं डावीकडं धरा." तेच त्यांचं ब्रीदवाक्य. "वाकड्या बंदुकीवर शिकलेला मानूस कुटंबी मार खात न्हाई."

मार आम्ही सांगलीत खाल्ला. तिथे एका क्लबानं स्पर्धा ठेवली होती. त्यांच्याकडे परदेशी रायफली, लाकडी पेट्यांतून मखमलीवर झोपवून आणलेल्या. आमची गोणपाटात गुंडाळलेली, एस.टी.च्या रॅकवरून आलेली. मी गोणपाट सोडलं तेव्हा शेजारचा एक तरुण अगदी नम्रपणे म्हणाला, "काका, ही जत्रेतली का? फुगे फोडायची?" सगळे हसले. मी दोन बोटं डावीकडं धरत साठ छर्रे मारले आणि बावीस जणांत सतरावा आलो. परतीच्या एस.टी.त मी घुश्शात होतो. सुभेदार मात्र खूश. "सतरावा! त्या मखमलीवाल्यांतलं पाच जन तुमच्या मागं हायत. हिच्यात अजून लय हाय, पाटबंधारे."

हिच्यात लय आहे ना, मग काढतोच सगळं बाहेर, असं मी मनाशी ठरवलं. आणि इथेच माझं चुकलं. आजवर कचेरीत मी हजार चुका केल्या, वरिष्ठांनी त्या दुरुस्त केल्या. ही कुणालाच दुरुस्त करता आली नाही.

सुभेदार आठ दिवसांसाठी खंडाळ्याला गेले. त्यांच्या मेहुण्याच्या मुलीचं लग्न होतं. शेडची किल्ली आणि रायफल माझ्या ताब्यात. निघताना चार वेळा बजावून गेले, "स्क्रू आवळा, चिंधी फिरवा, बास." मी दुसऱ्याच दिवशी शेडग्यांच्या दुकानातून घड्याळाचा पेचकस आणला. शेडगे म्हणाले, "म्हातारा कातडं सोलंल." मी म्हटलं, "अहो, खूश होतील. त्यांचीच शिकवण आहे." मला खरंच तसं वाटत होतं.

स्क्रू आधी हलेना. तेल सोडलं, मग हलला. मी छर्रा मारायचा, पट्टी सरकवायची, परत मारायचा. थोडी इकडे, जास्त झाली म्हणून थोडी तिकडे. पीळ मोजायचं भानच राहिलं नाही. तासाभरानं पाच छर्रे ओळीनं काळ्यात गेले तेव्हा मी त्या रिकाम्या शेडमध्ये चक्क टाळ्या वाजवल्या. तो पुठ्ठा मी जपून ठेवला, सुभेदारांना दाखवायला.

ते परतल्यावर मी सगळ्यांसमोर तो पुठ्ठा त्यांच्या हातात दिला. त्यांनी पाहिला. मग रायफल घेतली, नळी मोडली, छर्रा भरला आणि उभ्यानं, सरळ, पाच मारले. पाचही काळ्यात. ते भिंतीपाशी चालत गेले आणि पुठ्ठ्यासमोर बराच वेळ पाठमोरे उभे राहिले. आम्ही वाट बघत होतो, आता शिव्या की शाबासकी.

"ब्येस झालंय," ते म्हणाले. "लय ब्येस. आता घ्या नवी."

"म्हणजे?" मी म्हटलं.

"आता हिच्यात काय न्हाई ऱ्हायलं."

आम्ही विजयाचा चहा प्यायलो. दोन वर्षं अडलेलं घोडं एका स्क्रूनं हललं म्हणून मी माझीच पाठ थोपटून घेतली. सुभेदारांनी चहा बशीत ओतला होता, तो तसाच राहिला. मी पाहिलं होतं ते. पण प्रवासाचा शीण असेल म्हणून सोडून दिलं.

नवी रायफल पुण्याहून आली. पुढच्या वर्षी सांगलीत मी तिसरा आलो. पेढे घेऊन तडक सुभेदारांच्या घरी गेलो. इतक्या दिवसांत त्यांच्या घरी मी पहिल्यांदाच जात होतो. बायको वारल्यापासून ते एकटेच राहतात, एवढंच माहीत होतं. दोन खोल्या, लख्ख झाडलेल्या. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली एका बाईंचा फोटो. नऊवारी नेसलेल्या, मागच्या अंगणात उभ्या, हातात तीच रायफल. मान डाव्या खांद्याकडे पार कललेली, आणि मानेबरोबर रायफलही डावीकडे तिरकी.

"या कोण?" मी विचारलं.

"आमची मंडळी. यमुना," सुभेदार म्हणाले. "लहानपनी रस्त्याच्या कामावर खडीच्या पाट्या वाहिल्या. मान कलली ती कललीच. अट्टावीस वर्सं म्या पलटनीत. वर्साला दोन म्हैने सुट्टी, त्यातलं अर्दं पाव्हन्यांत जायाचं. पेन्शन आल्यावर म्हनलं, आता काय पायजे तुला? तर म्हनली, तुमी एवडी वर्सं काय करत व्हता ते मला शिकवा."

म्हणून त्यांनी ही रायफल घेतली होती. हातात होते तेवढ्या पैशांत हीच येत होती.

"दाक्तर म्हनला, मान सरळ न्हाई व्हायाची. म्या म्हनलं, ऱ्हाऊ द्या. बंदूक वाकडी करू." ते हसले. "रोज एक बारका पीळ. सा म्हैने लागलं तिच्या मानंला झीरो करायला. मग जी मारायची! चिच्चंचा एकेक आकडा पाडायची झाडावरनं. मला म्हनायची, तुमी उगंच सरकारचा पगार खाल्ला."

दीड वर्षानं त्या गेल्या. मी पेढ्यांचा पुडा हातात धरून उभा होतो. तो कुठे ठेवावा ते कळेना.

"सुभेदार, तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? चारचौघांत बायकूचं?"

"आपण परत तशीच करू," मी म्हटलं.

"पीळ किती दिलं, मोजलं व्हतं?"

मी मान खाली घातली.

"म्या सांगितलं व्हतं मोजायला," ते म्हणाले. एवढाच काय तो ठपका. आवाजही चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

तरी मी हट्ट धरला. रविवारी सकाळी जुनी रायफल घेऊन आम्ही दोघंच शेडमध्ये गेलो. सुभेदार म्हणाले, "हितं येत व्हतो म्या रैवारचा. तुमी कोन न्हाई तवा. तिच्यावानी धरून धा छर्रं मारायचो. समदं बरूबर ठिपक्यात जायाचं. मला वाटायचं, तीच मारतीय." खिशातली तपकिरीची डबी त्यांनी बाकावर ठेवली आणि तिसरा ढीग कुठे जात होता ते मला समजलं.

माझा बेत साधा होता. त्यांनी बाईंसारखी रायफल तिरकी धरायची, मी पट्टी सरकवत जायचं, छर्रे ठिपक्यात गेले की थांबायचं. त्यांनी मान कलवली, रायफल तिरकी केली. पाच मारले. सगळे डावीकडे गेले. मी स्क्रू थोडा फिरवला, या वेळी मोजून. पुढचे दोन उजवीकडे, एक वर, दोन डावीकडे. परत फिरवला. परत फाकले. मान थरथरत होती त्यांची. अठ्ठावीस वर्षं सावधान केलेली मान ती, कितीशी वाकणार?

"आधी तर ठिपक्यात जात होते ना?" मी म्हटलं.

"तवा पट्टी तिच्या मानंला लावल्याली व्हती," ते म्हणाले. "छर्रा ठिपक्यात पडंस्तवर मान वाकवायची, की तिच्याएवडी झाली. आता कितपत वाकवायची ते कुनाला इच्यारू?"

त्यांनी माझ्या हातातला पेचकस काढून घेतला. रायफलची नळी चिंधीनं पुसली, चारही स्क्रू आवळले, गोणपाट गुंडाळलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते बघून उलट त्यांनीच माझ्या पाठीवर थाप मारली. "आवं पाटबंधारे, दार फुटलं का काय?"

मग बाकावरची तपकिरीची डबी उचलून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली. आत अजून पंधरा-वीस अव्वल छर्रे होते.

"घ्या. तुमच्या नव्या बंदुकीला चालतील."

त्यानंतर सुभेदारांच्या ताटात दोनच ढीग पडू लागले. ती डबी अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. त्यातला एकही छर्रा मी मारलेला नाही.