सर्व्हर रोज अकराला का मरतो

मी बद्रीनाथ. वाळूजच्या आमच्या कारखान्यात कागदोपत्री सिस्टीम मॅनेजर, वृत्तीनं गुप्तहेर. माणसाची चप्पल पाहून मी त्याचा पासवर्ड सांगतो. आजवर एकही बरोबर आलेला नाही, पण लोक पासवर्ड चुकीचे ठेवतात त्याला मी काय करणार.

त्या आठवड्यात सोमवारपासून माल पाठवायची सिस्टीम सकाळी अकराच्या ठोक्याला बंद पडायची आणि वीस मिनिटांनी आपोआप उठायची. तेवढा वेळ गेटपास निघेना. वैजापूरचा ट्रकवाला फकिरा खिडकीशी येऊन म्हणाला, "साहेब, आमची म्हैसबी येवढी टायमाची नाय."

बुधवारी प्लांटप्रमुख तात्यासाहेबांनी बोलावलं. "सिस्टीममध्ये शेवटचा बदल कोणी केला?"

"विशाखानं. शनिवारी."

"मग तिला शुक्रवारी कायम करायचं होतं, ते राहू द्या. दुसरं कोणी सापडलं तर उद्यापर्यंत सांगा."

विशाखा सोयगावची. सहा महिने प्रोबेशनवर राबलेली पोरगी. बोलणं चोख. "सर, मी बदलाचा फॉर्म भरला. काय बदलणार, का, बिघडलं तर पहिल्यासारखं कसं करणार, सगळं लिहिलं. मंजुरी तुम्हीच दिली. मी फक्त लेबलवरची अक्षरं मोठी केलीत."

मी डोळे बारीक केले. मोठ्या अक्षरांचं वजन सर्व्हरला पेललं नसेल. विशाखानं माझ्याकडं असं पाहिलं, की मी तो मुद्दा लगेच मागं घेतला.

दुसरा संशयित नेटवर्कचा राजेंद्र. पण अकरा वाजता तो कॅन्टीनमध्ये पोहे खात असल्याचे सात साक्षीदार निघाले. आठवा मी.

आणि तिथंच मला दिसलं, की अकराला आशाबाई चहाची विजेची किटली लावतात. किटली वीज ओढते, सर्व्हर उपाशी मरतो. गुरुवारी मी चहा बंद केला. अकरा वाजले. सिस्टीम बंद पडली आणि दोनशे माणसं चहाशिवाय माझ्या दारात उभी राहिली.

आशाबाई म्हणाल्या, "मशीन तं पडलंच, वर माणसंबी पाडली तुम्ही."

त्या गर्दीतून करुणा आत आली. फॉर्म फाइलला लावणं एवढंच तिचं काम. तपासाशी तिला काही देणंघेणं नव्हतं. "सर, यात एक रकाना रिकामा राहिलाय. भरून देता?"

फॉर्म सॉफ्टवेअरवाल्यांचा होता. चाचणीसाठी सर्व्हर सकाळी अकराला बंद करून पुन्हा चालू करणे. सोमवारपासून. किती दिवस: रिकामं. त्यांनी रिकाम्याचा अर्थ रोज असा घेतला होता. खाली लिहिलेलं होतं, 'सखोल तपासणी केली. मंजूर.' सहीचं वळण मी तत्काळ ओळखलं. ते माझंच होतं.

फॉर्म तसाच कपाटात सरकवता आला असता. बाहेर विशाखा टेबल आवरताना दिसली. मी तात्यासाहेबांकडं गेलो.

"गुन्हेगार सापडला."

त्यांनी कागद वाचला, मग मला वाचलं. "पोरगी कायम. आणि तुम्ही हे आजच्या आज थांबवा."

"आज नाय होणार, साहेब. थांबवणं हाही बदलच. त्याला फॉर्म लागतो."

शुक्रवारी पावणेअकराला विशाखानं तो फॉर्म समोर ठेवला. मी पेन काढलं. तिनं कागदावर हात ठेवला. "सर, आधी वाचा."

नोकरीच्या अकरा वर्षांत पहिल्यांदाच मी तो फॉर्म अथपासून इतिपर्यंत वाचला. चार पानं. सही केली तेव्हा अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती.

विशाखानं पुन्हा बंद पडलेल्या सिस्टीमकडं पाहिलं आणि फॉर्म सावकाश उचलला. ती आता कायम होती. तिला कसली घाई.