केळी फिरवून आणणारे दामूभावजी

केळी बाजारात नेणारी माणसं वसईत पुष्कळ. केळी नुसती फिरवून घरी परत आणणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका आमच्या समोरच्या दारात राहत होता.

रविवारी सकाळी दामूभावजी पिकलेल्या वेलची केळ्यांची एक फणी मोटारसायकलच्या मागच्या सीटवर चादरीच्या घडीवर ठेवायचे, सुतळीने अलगद बांधायचे आणि फुलपाड्याहून चंदनसारच्या रस्त्याला लागायचे. तो रस्ता तेव्हा कमी आणि खड्डे जास्त होता. तासाभराने तीच फणी छातीशी धरून तीन जिने चढून वर यायचे आणि बाल्कनीत टांगायचे. सोमवारी संध्याकाळी चष्मा कपाळावर चढवून एकेक केळं सोलायचं आणि आत कुठे काळं पडलंय ते बघायचं. सोललेलं केळं परत सालीत घालता येत नाही, म्हणून ती सगळी आमच्याकडे यायची. त्या वर्षी आम्ही इतकी शिकरण खाल्ली की आमचे हे एकदा ताटावरून म्हणाले, या माणसाच्या गाडीचं देवा एकदाचं भलं कर, माझी साखर वाढायला लागली.

दामूभावजी मूळचे गिरीजच्या वाडीतले. भावांचे संसार वाढले, घर पुरेना, म्हणून फुलपाड्यात फ्लॅट घेतला आणि एका कारखान्यात स्टोअर सांभाळू लागले. पण जन्म केळीखाली गेलेला. केळ्यावर त्यांचा माणसापेक्षा जास्त विश्वास. "केळं खोटं बोलत नाही, वहिनी," असं ते मला महिन्यातून चारदा सांगायचे. "आज धक्का बसला की उद्या अंगावर दाखवतं. माणूस दहा वर्षांनी दाखवतो."

हे सगळं चाललं होतं मोटारसायकलच्या मागच्या शॉकअपसाठी. गाडीला धक्के बसू नयेत म्हणून मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना ते स्प्रिंगवाले दांडे असतात ना, ते. भावजींची गाडी तर अशी झाली होती की जिने तिला जन्म दिला त्या कंपनीनेही ओळख दिली नसती. दोन्ही बाजूंना पत्र्याचे डबे, पुढे काच, उंच केलेलं हँडल, रेडा बघतो तसा बघणारा एक जादा दिवा. रद्दीवाल्याकडून परदेशी मोटारसायकलींची मासिकं आणायची आणि आठवडाभर चित्रं बघायची. "याला ॲडव्हेंचर टूरिंग म्हणतात, वहिनी." मी म्हटलं, आमच्याकडे याला घरातून पळून जाणं म्हणतात.

जायचं होतं लडाखला. तिथे ते कधीच पोचले नाहीत हे आताच सांगून टाकते, म्हणजे शेवटपर्यंत तुम्ही बर्फाची वाट बघत बसू नका.

त्यांची बायको सुमन माझ्याच वयाची. लग्न झाल्यापासून सुट्टी मिळाली की दोघं गाडीवर. सापुतारा, गोवा, एकदा तर पार कन्याकुमारी. सुमनला छप्पर असलेल्या गाडीत मळमळायचं. एसटी, मोटार, रिक्षा, काहीही. आत बसलं की तोंडाला पदर. मोटारसायकलवर मात्र वारं अंगावर घेत ती दिवसभर बसायची. लडाख तेवढं राहिलं होतं. आणि मग एका उन्हाळ्यात टँकरचं पाणी तीन जिने चढवताना तिची पाठ गेली. कळशा आम्ही सगळ्याच चढवत होतो. मणका सरकला तिचा. दोन वर्षं ती फळीवर होती. नंतर बसू लागली, खुर्चीपर्यंत चालू लागली. डॉक्टरांनी सांगितलं, आता हळूहळू हिंडाफिरायला हरकत नाही, पण पाठीला धक्का बसता कामा नये.

दुसऱ्या कुणी यातून 'घरात बसा' एवढाच अर्थ काढला असता. सुमननेही तोच काढला. रिक्षात बसवून बघितलं, तर पहिल्याच वळणावर उलटी, आणि त्या उमाशाने पाठ पुन्हा धरली. "मी आता या चार भिंतींची," असं ती हसत म्हणायची, आणि तिचं ते हसणं मला आवडायचं नाही.

भावजींनी मात्र डॉक्टरांचं बोलणं ऑर्डर घेतल्यासारखं घेतलं. डॉक्टर 'मोटारसायकलवर बसू नका' असं कुठे म्हणाले? 'धक्का नको' म्हणाले. धक्का हे मेकॅनिकचं काम आहे. मला त्यांनी जिन्यात थांबवून सांगितलं, "एकदाच बसवीन तिला. पहिल्याच खेपेला दुखलं तर सुमन आयुष्यात परत बसायची नाही. मी ओळखतो तिला. म्हणून आधी शॉकअप."

तर शोध सुरू झाला. गाडीचे मूळचे शॉकअप केव्हाच झोपले होते. भावजींनी मुंबईच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून एक नवी जोडी आणली. ती इतकी मऊ की एका खड्ड्यातून गेलं तर गाडी पुढच्या खड्ड्यापर्यंत मान डोलवत राहायची. "स्प्रिंगला उसळायचं असतं," भावजी मला समजवायचे, "आणि आतलं तेल तिला म्हणतं, थांब, दमाने. या जोडीत तेलाचं कुणी ऐकतच नाही." मी म्हटलं, म्हणजे स्प्रिंग ही सून आणि तेल ही सासू. ते गंभीरपणे म्हणाले, तसंच. दोघींचं जमायला पाहिजे.

दुसरी जोडी आणली ती सासूच सासू. स्प्रिंग हलेचना. त्या रविवारी फणी परत आली तेव्हा सोमवारची वाटच बघावी लागली नाही. सुतळीतूनच रस टपकत होता.

मग भावजींच्या लक्षात आलं की परीक्षाच अपुरी आहे. केळ्याला पाठ असते, कणा नसतो. मागे माणूस पाहिजे. आणि एके संध्याकाळी त्यांनी आमच्या यांच्यासमोर मला विचारलं, वहिनी, मागे बसाल का?

आता जरा माझी तेव्हाची ओळख करून देते. वय बेचाळीस. आरशात दिसायची बत्तीस, कारण आमच्या बेडरूममधला बल्ब अगदी मंद होता. साप्ताहिकातल्या कथा वाचून मेंदूला पाक सुटलेला. अख्ख्या बिल्डिंगमध्ये इतक्या बायका असताना मलाच का विचारलं, या प्रश्नाचं मी जे उत्तर काढलं ते नातीला सांगते तेव्हा ती उशीत तोंड खुपसून हसते. भावजी स्पष्ट म्हणाले होते की सुमनसाठी आहे. ते सरळ बोलणं मला बहाणा वाटला. बिचारा, मनात म्हटलं मी, घरी आजारी बायको, आणि समोरच्या दारात ही. आमचे हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, जा की, तेवढीच इथे शांतता.

पहिल्या रविवारी मी अबोली रंगाची साडी नेसून, गजरा माळून खाली उतरले. भावजींनी गजऱ्याकडे पाहिलंही नाही. माझ्या पायांकडे पाहिलं. एका अंगाला बसून चालणार नाही, म्हणाले. सुमन दोन्हीकडे पाय टाकून बसते. म्हणजे ड्रेस आला. मी आयुष्यात ड्रेस घातला नव्हता. भाचीचा गुलाबी मागून आणला, तो शिलाई उसवून मोठा केला, आणि पुढच्या रविवारी बिल्डिंगच्या सगळ्या खिडक्यांतून डोकी बाहेर आलेली असताना मी त्या गाडीवर चढले. चढले म्हणजे, भिंतीवर चढतात तशी चढले.

वाऱ्यावर बट उडेल, गाडीचा वेग वाढेल, मागे वळून काही हळुवार बोलणं होईल, अशी माझी तयारी होती. पहिला खड्डा आला आणि भावजी पुढून ओरडले, "निरोप आला का?"

मला वाटलं कुणाचा निरोप. मग कळलं, त्यांची ती परिभाषा होती. रस्ता काय बोलेल ते शॉकअपने ऐकायचं. पाठीपर्यंत निरोप जाता कामा नये. दर खड्ड्याला तेच. निरोप आला का? आला. कुठे आला? कमरेच्या वर की खाली? आता बेचाळिसाव्या वर्षी, भर चंदनसार नाक्यावर, भाजीवालीच्या देखत, परपुरुषाला ओरडून काय सांगायचं? मी म्हणायची, मधे. ते म्हणायचे, मधे म्हणजे कुठल्या मणक्याशी? असे तीन-चार रविवार गेले. गजरा मी पहिल्या फेरीनंतरच बंद केला. तो प्रत्येक खड्ड्याला नाकावर यायचा.

मग तिसरी जोडी आली. गॅसचे शॉकअप, शेजारी लहान मुलाच्या दुधाच्या बाटलीएवढी डबी लटकलेली. गाडीच्या बोल्टवर ते सैल बसत होते म्हणून चंदनसारच्या लेथवाल्याकडून बुश, म्हणजे आतल्या कड्या, कातून घेतले. खाली एक रिंग होती. पान्याने फिरवली की स्प्रिंग कमीजास्त आवळायची. ती किती आवळायची हे मागे बसणाऱ्याच्या वजनावर. भावजी म्हणाले, त्यासाठी एकदा गिरीजला वाडीत यावं लागेल.

वाडीत! मी पुन्हा गजरा घेतला.

केळीच्या बागेमागे एक पडवी होती. तिथे आढ्याला केळ्यांचे लोंगर तोलायचा जुना मोठा तराजू टांगलेला, माणूस बसेल एवढ्या फळ्यांचा. एका फळीवर तोंड शिवलेली एक गोणी होती. भावजी दुसऱ्या फळीकडे हात करून म्हणाले, बसा. माझी तुला होणार या कल्पनेनेच मला भरून आलं. मी बसले आणि अलगद वर गेले. भावजींनी माझ्याकडे पाहिलं, गोणीकडे पाहिलं, आणि एक नारळ आणून माझ्या मांडीवर ठेवला. मी थोडी खाली आले. त्यांनी दुसरा ठेवला. काटा स्थिर झाला. "आता बरोबर," ते म्हणाले. "पुढच्या रविवारपासून हे दोन नारळ पिशवीत घालून मांडीवर घ्यायचे. तुम्ही बिल्डिंगमध्ये सगळ्यात जवळच्या होता, पण जराशा कमी पडता."

मी विचारलं, कशाच्या जवळच्या?

"सुमनच्या. ती गोणी म्हणजे सुमन."

गजरा माळून, दोन नारळ कवटाळून मी तराजूत बसले होते. गोणी आणि मी समोरासमोर. मी जरा फणकाऱ्यानेच विचारलं की सुमन इथे काट्यावर कधी येऊन बसली.

"ती कशी येईल," भावजी म्हणाले. "सकाळी तिची पाठ धरलेली असते, न्हाणीघरात मीच उचलून नेतो. तर काय केलं, घरी तिला उचललं की तडक इथे यायचं आणि ही गोणी उचलायची. कमी वाटली की एक नारळ टाकायचा. दुसऱ्या दिवशी परत. जास्त झाली की काढायचा. हातांना कळतं ना, वहिनी. एक दिवस उचलली तर बरोबर सुमन. मग तोंड शिवून टाकलं."

हे त्यांनी रिंग किती आवळायची हे सांगावं तशा आवाजात सांगितलं आणि पाना शोधायला गेले. मी खाली उतरले. गजरा काढून केळीच्या बुंध्याशी टाकला. घरी आल्यावर यांनी विचारलं, काय झालं वाडीत? मी म्हटलं, काही नाही, माझी किंमत कळली. काय भाव लागला, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दोन नारळ कमी.

त्यानंतर मी मागे बसले ती खरोखर पाठ होऊन बसले. डोळे मिटायचे आणि मणक्यामणक्याचा हिशोब द्यायचा. रिंग इकडे, रिंग तिकडे. शेवटी एका रविवारी चंदनसारच्या नाक्यापासून परत येईपर्यंत भावजी विचारत राहिले आणि मी नाही म्हणत राहिले. बाजूच्या डब्यातून नेलेली फणी सोमवारी सोलली. आत सगळं पांढरं. शिकरण त्या दिवशी भावजींनी स्वतः केली.

सुमनला बसवायचं ठरलं. ती नको म्हणाली. मग म्हणाली, पडले तर? मग म्हणाली, हसतील सगळे. मी म्हटलं, माझ्या गुलाबी ड्रेसला हसून सगळे थकलेत, तुझ्या वाट्याला काही उरलं नाही. जिना ती आपल्या पायांनी उतरली, कठड्याला धरून, आणि भावजी एक पायरी खाली उलटे उतरत होते, दोन्ही हात पुढे करून.

मी मागून रिक्षात. सोबत उशी, गरम पाण्याची पिशवी, पाण्याची बाटली, एक स्टूल. लडाखसाठी सजलेली ती गाडी अशी चालली होती की शाळकरी पोरांच्या सायकली तिला ओलांडून जात होत्या. रेल्वेचं फाटक गेलं, नालासोपारा गेलं, निर्मळचं तळं गेलं. खड्डे आले, गेले. भावजींनी एकदाही काही विचारलं नाही. त्यांचा शर्ट पाठीवर ओला होऊन चिकटला होता, आणि दिवस थंडीचे होते.

गिरीजला वाडीच्या तोंडाशी गाडी थांबली. रिक्षा मागे थांबली. कुणी उतरेना. सुमनने मान खाली घातलेली. मला वाटलं, दुखलं. मी पिशवी घेऊन उतरणार तोच तिचा आवाज आला.

"थांबलात का? भुईगावला चला ना, समुद्रावर. आणि असे मिरवणुकीसारखे काय चालवता, नेहमीसारखे चला."

भावजींनी गाडी बाजूच्या स्टँडवर अलगद टेकवली, खाली उतरले, डब्यातून पाना काढला आणि मागच्या चाकाशी उकिडवे बसले. रिंगेला पाना लावला. तो फिरवला नाही. नुसते लावून बसून राहिले, मान खाली, खांदे हलत होते. ज्या माणसाला केळ्याचा डाग दुसऱ्या दिवशी दिसतो, त्याला आपलं तोंड लपवायला त्या दोन वितींच्या शॉकअपपेक्षा मोठी जागा सुचली नाही. सुमनने वरून, सीटवर बसल्या बसल्या, त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. भर रस्त्यात, सगळ्या भावकीच्या दारात.

रिक्षावाला मान लांब करून बघत होता. मी त्याला म्हटलं, तिकडे काय बघतोस, मीटर बघ.

"मीटर बंद आहे, मावशी."

बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा असं झालं की परक्या माणसाने मला मावशी म्हटलं आणि मला राग आला नाही.

"मग बंद मीटर बघ," मी म्हटलं, आणि आम्ही दोघं बंद मीटर बघत बसलो.