पोत्याला खो

माझी योजना फसेल असं मला एक क्षणही वाटलं नव्हतं. मी अमरावतीला राहून बी.ए. झालेली, तेही मानसशास्त्र घेऊन. अमडापुरात तेव्हा असं म्हणू शकणारी सून मी एकटीच होते, आणि संधी मिळेल तिथे म्हणतही होते. मुलगा खो-खो खेळत नाही? खेळेल. मी खेळवीन. त्यात काय एवढं!

मुलगा म्हणजे आमचा शालिग्राम. महाराष्ट्र झाला त्याच वर्षी हा झाला, तेव्हा या गोष्टीच्या वेळी आठ वर्षांचा. बोलायचा कमी. बोललाच तर आपण मघाशी बोललेलं वाक्य आपल्यालाच परत करायचा, दुकानदाराने खोटं नाणं परत करावं तसं. नजरेला नजर देत नसे. मळ्यातून वांगी आली की लहानापासून मोठ्यापर्यंत भिंतीशी रांग लावायचा, आणि सासूबाईंनी भाजीसाठी मधलंच एखादं उचललं की घर डोक्यावर घ्यायचा. नकळत कुणाचा हात लागला तर विंचू चावल्यासारखा किंचाळायचा. अशा मुलांना काय म्हणतात ते बुलढाण्याच्या डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. गावाला मात्र ताबडतोब सांगता आलं. ते शब्द मी इथे लिहीत नाही.

शाळा समितीचे अध्यक्ष होते भगवंतराव. जे पोर चार पोरांत बसत नाही त्याला शाळेत ठेवून काय करायचं, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या सोमवारी ते शाळेत येऊन काय तो निकाल लावणार होते. रंगराव मास्तर खेळ शिकवायचे. जीव होता त्यांचा पोरांवर. ते एका संध्याकाळी दारात येऊन हळूच सांगून गेले, "बाई, एक डाव त्याले पोरांच्या रांगीत बसू द्या. खो देला का उठला पाह्यजे, अन् वरडला नाही पाह्यजे. मंग मी म्हणतो भगवंतरावाले, का पोरगं बसते चौघांत."

"बसेल," मी एका दमात म्हणाले. मास्तर वळणाआड गेले आणि मी अंगण पावलांनी मोजून काढलं.

दुसऱ्या दिवसापासून आमचं अंगण मैदान झालं. बैल बांधायचे दोन खांब आयतेच होते. मधल्या रांगेत सासूबाई रुक्मिणीबाई, आमचे हे, म्हणजे शेषराव, आणि मी. तेवढ्याने रांग होईना, म्हणून एक कांद्याचं पोतं, एक उपडं घमेलं आणि पाण्याचा हंडा, असे आणखी तीन गडी घेतले. खो-खोत बसणाऱ्यांची तोंडं एकाआड एक उलटी असतात. म्हणून सासूबाईंचं तोंड भिंतीकडे, यांचं फाटकाकडे, माझं पुन्हा भिंतीकडे. पळणारा गडी म्हणून शेळी सोडली. तिला धरायला तसंही घरातलं प्रत्येक माणूस एकदा तरी धावायचंच.

मानसशास्त्राच्या पुस्तकात यातलं काही नव्हतं. पण एक गोष्ट माझी मी शोधली. आधी शब्द, मग हात. लांबूनच "खो" म्हणायचं, थोडं थांबायचं, आणि मग पाठीला हात लावायचा. सांगून आलेला हात त्याला चावत नव्हता! पहिल्या दिवशी तो किंचाळला, दुसऱ्या दिवशी नुसता आकसला, आणि मग एका सकाळी "खो" ऐकून उठला आणि शेळीमागे धावत सुटला. मी तिथेच घमेल्यावर बसून रडले. सासूबाई भिंतीकडे तोंड करूनच म्हणाल्या, "रडून नको राहू. गडी चेपून राह्यला."

अडचण पुढे आली. शालिग्रामला नियम कळले, आणि कळले ते पुरतेच कळले. बसलेल्या कोणालाही खो देता येतो, हा नियम. मग त्याने पोत्याला खो दिला. आणि थांबला. पोतं उठेना. तो हलेना. आम्ही समजावलं, शेंगदाणे दाखवले, शेळीही येऊन बघून गेली. शेवटी यांनी ते पोतं पाठीवर घेतलं आणि अंगणाला धावत फेरी मारली, तेव्हा डाव पुढे सरकला. त्यानंतर तो पोत्यालाच जास्त खो द्यायला लागला. हे रात्री कंबरेला तेल चोळत म्हणायचे, "पोरगा शाळेत राहीन, पन मी राहीन का नाही ते सांग."

शेजारच्या तानाबाई हे सगळं भिंतीवरून बघत होत्या. काय चाललंय असं त्या विचारायच्या, आणि मी काही सांगायची नाही. सोमवारच्या आत गावात बोभाटा झाला आणि पोराला नजर लागली म्हणजे? शिकलेल्या बाईनेही थोडं घाबरावं. मग तानाबाईंनी जे दिसत होतं त्याचा सरळ अर्थ लावला. सासूचं तोंड इकडे, लेकाचं तिकडे, सुनेचं तिसरीकडेच. कुणी कुणाशी बोलत नाही. मध्ये कांदे, हंडा, घमेलं ओळीने मांडलेलं. मधूनच लेक पोतं उचलून पळतो. म्हणजे वाटण्या! रविवारी सकाळपर्यंत हे निम्म्या गावाला माहीत होतं. आम्ही सोडून.

रविवारी दुपारी, आमचा डाव चालू असतानाच, भगवंतराव समजूत घालायला आले. गावात कुणाचं घर फुटायला लागलं की ते जात. त्यांचा रिवाज असा की भांडणाऱ्यांच्या बरोबर मध्ये जाऊन बसायचं. ते आले आणि सासूबाई आणि हे यांच्या मधल्या पोत्यावर बसले.

परका माणूस बघून शालिग्राम कानांवर हात ठेवून खांबाशी उभा राहिला होता. आता जर किंचाळला, तर उद्याचा निकाल आजच. मी दबक्या आवाजात दोघांना म्हटलं, "हलू नका."

"पह्यले तोंडं इकडं करा," भगवंतराव म्हणाले.

कुणी केलं नाही.

"वैनी, या वयात घर काऊन फोडून राह्यल्या?"

"मी नाही तोंड फिरवत," सासूबाई भिंतीला म्हणाल्या. "नातवासाठी बसली मी अशी."

"नातू बी वाटून घेता काय?" भगवंतरावांचा आवाज चढला. मी बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला. "सूनबाई, तुह्याकडे मंग येतो. शेषराव, तू बोल."

हे फाटकाकडे बघत म्हणाले, "काका, मले सध्या मागं पाहाता येत नाही."

आणि तेवढ्यात मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. शालिग्रामने कानांवरचे हात काढले. चालत पोत्यामागे आला. मला ओरडावंसं वाटलं, पण ओरडले असते तर तोच बिचकला असता.

"खो," तो म्हणाला. थोडा थांबला. आणि भगवंतरावांच्या पाठीला हात लावला.

भगवंतराव दचकून उभे राहिले. शालिग्राम खळखळून हसला. आठवडाभर वाट बघून पोतं आपणहून उठलं होतं! तो त्यांच्या जागी मांडी घालून बसला.

भगवंतरावांचा चेहरा बघवत नव्हता. "पोराकडून उठवता मले? बसा मंग असेच," म्हणून ते तडक फाटकाकडे निघाले, ह्यांच्या आणि माझ्या मधून.

"मधून जाचं नाही."

सगळे थबकले. हा आवाज कुणाचा, हे मलाही कळायला वेळ लागला.

"खांबाले वळसा घाला. मागं फिराचं नाही." शालिग्राम जमिनीकडे बघून सांगत होता. वाक्य शाळेच्या मैदानावरचं, रंगराव मास्तरांचं होतं, सूरसुद्धा त्यांचाच. पण त्याने ते आज पहिल्यांदाच बरोबर जागी आणि बरोबर माणसाला दिलं होतं.

भगवंतरावांनी त्याच्याकडे पाहिलं. मग रांगेकडे, हंड्याकडे, खांबाकडे. "खो-खो व्हय काय हे?"

"मंग काय वाटलं?" सासूबाई म्हणाल्या. "आमी काय भिंतीले पाहाले बसलो?"

भगवंतरावांनी धोतराचा सोगा हातात धरला, सावकाश मागच्या खांबाला वळसा घातला, वाटेतली शेळी चुकवली, आणि ह्यांच्या मागे येऊन म्हणाले, "खो." हे उठले, ते धापा टाकत ह्यांच्या जागी बसले. "वैनी, च्या तरी टाका."

"खो नाही भेटला मले," सासूबाई म्हणाल्या. "मी कशी उठू?"

सोमवारी शाळेचं मैदान. मी इतर बायकांबरोबर रेषेबाहेर मांडी घालून बसले होते. पोरांच्या रांगेत शालिग्राम. एका पोराने त्याला खो दिला, शब्द आणि हात एकदमच. तो जरा आकसला, आणि उठला. ओरडला नाही. खांबाला वळसा घालून धावत आला आणि रांगेतल्या पोराच्या पाठीला हात लावून म्हणाला, "खो!"

आणि मी उठले.

त्या आठवड्यात अंगणात हा शब्द ऐकून मी किती वेळा उठले असेन, हिशेब नाही. पायांना कुठे ठाऊक की हे अंगण नव्हे? पदर खोचला आणि मैदानात शिरले. एका घाबरलेल्या पोराला जवळजवळ धरलंच होतं, तेव्हा मास्तरांची शिट्टी वाजली. शालिग्रामने कान झाकले. बाकी सगळं गाव हसत होतं.

भगवंतराव खुर्चीतून मास्तरांना म्हणाले, "पोरगं बसते चौघांत. राहू द्या त्याले. त्याच्या मायले मात्र बसता येत नाही."

मी तिथेच उभी. मग शालिग्राम उठून माझ्या मागे आला.

"आई, बाहेर," तो म्हणाला. थोडा थांबला. आणि माझ्या पाठीला हात लावला.

आधी शब्द, मग हात. मी मुकाट्याने निघाले. डोळे भरले होते, समोरचं नीट दिसत नव्हतं, आणि मी पोरांच्या मधून सरळ गेले, म्हणजे आणखी एक फाऊल.