रवलीनचं वैदिक रूप

बारसं दुसऱ्या दिवशी होतं, आणि निमिषच्या सासूबाई सुलेखाबाई जेवणाच्या टेबलावर सोनेरी कागदातून बाळाच्या नावाची अक्षरं कापत बसल्या होत्या. 'र' झाला होता, 'व' झाला होता, 'ली' चालू होती. "वेलांटी नाजूकच हवी," असं त्या कात्रीला बजावत होत्या. निमिषच्या एका हातात चहाचा कप होता आणि दुसऱ्या हातात फोन. फोनवर बातमी होती की फुटबॉल कोच टॉड रॅव्हलिन यांना चौकशी होईपर्यंत सक्तीच्या रजेवर पाठवण्यात आलं आहे.

निमिषने कप खाली ठेवला. टेबलावरचा 'र', 'व' आणि अर्धवट 'ली' त्याच्याकडेच बघत होते.

हे नाव बाळाला कुठून मिळालं, ते घरात एकट्या निमिषला माहीत होतं. आता तो अमेरिकेत बॉथेलमध्ये औषधांच्या एका कंपनीत होता, पण त्याआधी ज्या विद्यापीठात शिकला, तिथल्या फुटबॉल संघाने, म्हणजे निळ्या बगळ्यांनी, त्याला पुरता नाद लावला होता. पुण्याहून एकटाच आलेला, कुणाशी काय बोलावं हे न कळणारा हा मुलगा शनिवारी निळा शर्ट घालून भरल्या स्टेडियममध्ये ओरडायला लागला की त्याला वाटायचं, आपण इथलेच. त्याचं बाळ जन्मलं त्या संध्याकाळी बगळ्यांनी आपल्या कट्टर वैऱ्यांना हरवलं. हॉस्पिटलच्या खोलीत, आवाज बंद केलेल्या टीव्हीवर, निमिषने रॅव्हलिनला खेळाडूंच्या खांद्यावर पाहिलं आणि त्याचे डोळे भरून आले. नर्सला वाटलं, बाळामुळे.

"रवलीन कसं वाटतं?" त्याने इशिताला विचारलं होतं.

"म्हणजे काय?"

"रवि अधिक लीन. सूर्यात लीन झालेला."

इशिता इतकी थकली होती की त्या क्षणी तिला 'कपाट' हे नावही आवडलं असतं. सुलेखाबाईंनी मात्र नागपूरहून व्हिडिओ कॉलवर भुवई उंचावली. त्यांचा जन्म शाळेत मराठी शिकवण्यात गेला होता.

"मग रविलीन हवं ना, निमिषराव? इकार कुठे गेला?"

"वैदिक रूप आहे, आई."

वैदिक म्हटलं की पुढे कोणी विचारत नाही, हे निमिषला ठाऊक होतं. विचारलं नाहीच. हॉस्पिटलच्या कागदांवर नाव चढलं, आणि पाहुण्यांना ते बारशालाच कळू द्यायचं असं ठरलं. निळ्या शर्टातले मित्र ते ऐकून कसे उड्या मारतील, याची तो तेव्हापासून वाट बघत होता.

फोन वाजला. देवांग होता. त्याच विद्यापीठाचा, आता जवळच राहणारा, आणि उड्या मारणाऱ्यांत सर्वांत पुढे असणारा.

"वाचलंस? काय यार हे!"

"वाचतोय."

"ट्रॅप आहे, दुसरं काही नाही. बरोबर मोठ्या मॅचच्या आधीच कसं बाहेर आलं?"

"पण ते म्हणतायत, डोक्याला मार लागलेल्या मुलांना परत खेळवलं. डॉक्टरांचे रिपोर्ट बदलले."

"अरे, सगळेच बदलतात! आपले पकडले गेले, एवढाच फरक. आणि युनिव्हर्सिटीने म्हटलंय ना, 'काही त्रुटी राहून गेल्या.' झालं की मग! अजून काय पाहिजे लोकांना?"

माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर तोवर कोणीतरी शोध लावला होता की तक्रार करणाऱ्या डॉक्टरचा मेहुणा वैऱ्यांच्या कॉलेजात शिकला आहे. निमिषनेही एक ओळ लिहिली, 'पूर्ण डेटा येऊ दे, घाईने निष्कर्ष नको.' तिला पटापट अंगठे आले. त्याला बरं वाटलं. मग हळूहळू बरं वाटेनासं झालं, कारण त्याची नोकरीच मुळी औषधांच्या चाचण्यांमधले दुष्परिणाम तपासायची होती. ऑफिसात एखाद्या रुग्णाचं नुसतं डोकं दुखलं, तरी पूर्ण डेटाची वाट न बघता तो चार जणांना फोन लावायचा.

त्याने बातमीखाली जोडलेला त्या डॉक्टरचा अहवाल उघडला आणि सवयीने शेवटची तळटीपसुद्धा वाचली. त्यात गेल्या वर्षीच्या एका सामन्याचा उल्लेख होता. तो सामना त्याने देवांगच्या घरी पाहिला होता. टक्कर झाल्यावर बगळ्यांचा एक मुलगा उठला आणि रमतगमत समोरच्या संघाच्या बाकाकडे चालू लागला. "पार्टी बदलली रे याने!" देवांग ओरडला होता. खोलीभर हशा पिकला होता, आणि निमिष तर तोंडातल्या चिप्सचा ठसका लागेपर्यंत हसला होता. थोड्या वेळाने तो मुलगा परत मैदानात आला, तेव्हा निमिषने टाळ्याही वाजवल्या होत्या. अहवालात लिहिलं होतं की त्या मुलाला आता वाचताना ओळी सापडत नाहीत.

निमिषने फोन टेबलावर पालथा घातला. कोणी पाहत नसतानाही त्याचे कान गरम झाले.

हे नाव बदलायला हवं. पण बदलायचं, तर का ते सांगायला हवं. आणि का ते सांगायचं, तर 'सूर्यात लीन' कुठून आलं तेही सांगायला हवं. त्याने जरा लांबचा रस्ता धरला.

"आई, पत्रिकेप्रमाणे 'र' अक्षर येतं का, ते एकदा बघायला हवं होतं."

कात्री थांबली. पत्रिकेचा विषय निघाला की खोली सोडून जाणारा हा जावई. सुलेखाबाईंचा चेहरा उजळला. "स्वाती नक्षत्र, तूळ रास! 'र' अगदी बरोबर येतो. तुमचा विश्वास बसला हो शेवटी!"

तेवढ्यात इशिता बाळाला खांद्यावर घेऊन आली. निमिषने दुसरा रस्ता धरला.

"इशिता, रवलीन हे म्हणे पंजाबी मुलींचं नाव असतं."

"कालपर्यंत वैदिक होतं."

"वेदही पंजाबातलेच ना."

"निमिष, तुला ताप आलाय का?"

एक आशा उरली होती. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगणार ती आत्या, म्हणजे निमिषची थोरली बहीण राधिका. ती एडिसनहून दुपारच्या विमानाने येत होती. तिला गाडीतच विश्वासात घ्यायचं, आणि तिनेच एखादं वेगळं नाव सुचवून हट्टाला पेटायचं, अशी योजना मनात आखत निमिष विमानतळावर गेला. राधिका बॅग मागे टाकून शेजारी बसली आणि तिने पट्टाही लावला नाही.

"निमू, तू पोराला त्या कोचचं नाव दिलंस?"

"तुला नाव कोणी सांगितलं?"

"इशिताने सकाळी मेसेज केला. कानात सांगायचंय ना मला! आणि विमानात सगळा वेळ समोरच्या टीव्हीवर तोच माणूस. खाली रॅव्हलिन, रॅव्हलिन, रॅव्हलिन. म्हटलं, योगायोग असेल. म्हणून उतरल्या उतरल्या इशिताला विचारलं."

"काय विचारलंस?"

"की कोचवरून ठेवलं का. ती म्हणाली, छे, वैदिक आहे. मग मी तिला लिंक पाठवली."

घरी पोचेपर्यंत निमिषने वाटेतल्या प्रत्येक पिवळ्या सिग्नलला गाडी थांबवली. दार उघडलं तेव्हा इशिता फोन घेऊन उभी होती आणि तिच्या मागे सुलेखाबाई कात्री घेऊन.

"नाव कोणावरून ठेवलं?" इशिताने विचारलं.

"नाव ठेवताना," निमिष म्हणाला, "काही त्रुटी राहून गेल्या."

"कोणाकडून?"

"म्हणजे, ते ठेवलं गेलं."

इशिताने फोनवरचं विद्यापीठाचं निवेदन मोठ्याने वाचलं. "'काही त्रुटी राहून गेल्या.' अरे, हे तर शब्दशः तेच! यांचं निवेदन तू लिहितोस, की तुझं हे लिहितात?"

"त्यात संघाचं नाव बगळे," सुलेखाबाई म्हणाल्या. "ढोंगाचं नवल ते काय! आणि मला वैदिक म्हणालात, निमिषराव. मी सगळ्या नातेवाइकांत अर्थ सांगत सुटले. आता असं करा, वाक्य नीट बोला. वाक्याला कर्ता लागतो."

तीन बायका आणि एक बाळ त्याच्याकडे बघत होते. बाळही त्या वेळी नेमकं जागं होतं.

"मी ठेवलं," निमिष म्हणाला. "कोचवरून. अर्थही मीच बनवला."

"हं," सुलेखाबाई म्हणाल्या. "आता व्याकरण बरोबर आहे."

इशिता रडली नाही की ओरडली नाही. ते निमिषला जास्त जड गेलं. तिने एवढंच जाहीर केलं की चौकशी पूर्ण होईपर्यंत तो बारशाच्या सर्व कामांतून रजेवर आहे, डायपर सोडून. नवं नाव तिने त्याच बैठकीत ठरवलं. "ऋजू. म्हणजे सरळ. बापावर जाऊ नये म्हणून." सुलेखाबाईंनी ते आधी शब्दकोशात पाहिलं, मगच सोनेरी कागद उलगडला.

रजेवरच्या निमिषला डायपर बदलताना एक गोष्ट सुचली आणि हायसं वाटलं. जुनं नाव पाहुण्यांपैकी कोणालाच माहीत नव्हतं. म्हणजे प्रकरण घरातल्या घरात मिटलं होतं. हायसं वाटल्याचीही त्याला थोडी लाज वाटली, पण तो डायपर बदलत राहिला.

रविवारी बारसं झोकात झालं. राधिकाने पाळण्यात वाकून बाळाच्या कानात नाव सांगितलं, 'कुर्रर्र' केलं, आणि बायकांनी रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले. घुगऱ्यांच्या वाट्या फिरल्या. देवांग आणि त्याचे चार मित्र निळे शर्ट घालून आले होते. शर्टांवर मार्करने लिहिलं होतं, 'आम्ही कोचच्या पाठीशी.' "बारशाला असं कोणी येतं का?" राधिका कुजबुजली. निमिषने ऐकलं नाही असं दाखवलं.

मग नागपूरचा व्हिडिओ कॉल आला. इशिताचा मामेभाऊ सुशांत. त्यालाही नुकताच मुलगा झाला होता. सगळ्यांना दिसावं म्हणून कोणीतरी उत्साहाने कॉल मोठ्या टीव्हीवर लावला. सुलेखाबाईंनी हातातली वाटी खाली ठेवली.

"अगं बाई," त्या पुटपुटल्या. "सुशांतला सांगायचं राहूनच गेलं."

"काय सांगायचं?" इशिताने विचारलं.

"त्यालाही 'र'च हवा होता गं. मीच सुचवलं."

पडद्यावर दुपट्यातलं एक बाळ वर आलं. "भाऊजी!" सुशांतचा आवाज खोलीभर घुमला. "हा बघा आमचा रवलीन!"

देवांग उभाच राहिला. "रॅव्हलिन? नागपुरात?"

"रॅव्हलिन!" निळे शर्ट ओरडले. टाळ्या पडल्या. सुशांतला वाटलं, त्याच्या मुलासाठी आहेत. त्याने हात जोडले. देवांगने टीव्हीचा फोटो काढला. "याला म्हणतात सपोर्ट! ग्रुपवर टाकतो, यार. भारतातही लोक कोचच्या पाठीशी! बघू आता युनिव्हर्सिटी काय करते."

इशिताने निमिषकडे पाहिलंही नाही. निमिषला गप्प बसणं अगदी सोपं होतं. पेढे वाटायला घेतले असते तरी चाललं असतं.

"टाकू नको," निमिष म्हणाला. तो टीव्हीसमोर आला. "देवांग, टाकू नको. ते नाव मी दिलंय. आमच्या बाळालाही आधी तेच दिलं होतं, कोचवरून. आणि 'सूर्यात लीन' हा अर्थ मी हॉस्पिटलात बसून बनवला."

घुगऱ्यांच्या वाट्या होत्या तिथेच थांबल्या.

"आणि तो मुलगा आठवतो तुला? समोरच्यांच्या बाकाकडे चालत गेलेला? तू म्हणालास, पार्टी बदलली. मी ठसका लागेपर्यंत हसलो. त्याला आता नीट वाचता येत नाही."

देवांगचा फोन हळूहळू खाली आला. "आपल्याला काय माहीत होतं, यार?"

"दिसत होतं," निमिष म्हणाला.

देवांगने शर्टावरच्या अक्षरांवर नकळत हात आडवा धरला. पुढचं बोलला तो टीव्ही.

"एक मिनिट, एक मिनिट. तुम्ही काय बोलून राहिले, भाऊजी? आमच्या गुरुजींनी बारशात अर्थ सांगितला ना! सूर्यात लीन. त्यांना तर ग्रंथात सापडला."

"ग्रंथात नाही रे सुशांत. माझ्या डोक्यात होता तो."

"तुमचा गैरसमज झाला असंल. खोदायला गेलं तर कोणत्याही नावात काहीतरी निघतंच. आणि हे आजच कसं आठवलं तुम्हाला? तुमच्या पोराचं बदललं, म्हणून आमचंही बदलायचं?"

"आम्ही रवलीनच्या पाठीशी आहोत!" मागून सुशांतच्या आईचा ठाम आवाज आला. निळ्या शर्टांपैकी एकाने सवयीने मान डोलावली आणि मग ती मध्येच थांबवली.

"आणि अर्थ खोटा आहे, याला पुरावा काय?" सुशांतने विचारलं.

निमिषने तोंड उघडलं. पुरावे तपासण्याचाच पगार घेणाऱ्या त्या माणसाकडे या खेपेला पुरावा एकच होता.

"मी स्वतः खोटं बोललो होतो, सुशांत. शपथेवर सांगतो."

"बघा, तुम्हीच म्हणता," सुशांत शांतपणे, जवळजवळ मायेने म्हणाला. "मग आज तुमच्यावर विश्वास कसा ठेवायचा, भाऊजी?"

सगळ्या पाहुण्यांच्या देखत, लाल कानांनी, निमिष टीव्हीसमोर उभा राहिला. नागपुरात रात्र झाली होती, आणि पडद्यावरचा रवलीन मूठ तोंडात घालून गाढ झोपला होता.