शुभेच्छुकांच्या तिसऱ्या ओळीत

आमच्या गावचे नगराध्यक्ष जानरावदादा यांचा वाढदिवस सोमवारी संपन्न झाला. मालेगाव रोडवरून जाणाऱ्या कोणाच्याही नजरेतून ही घटना सुटणं शक्य नव्हतं, कारण ती एस.टी.च्या थांब्यासमोर चाळीस फुटी फ्लेक्सवर लटकत होती. मधोमध हात जोडलेले दादा, खाली एकशे चौदा शुभेच्छुक. फ्लेक्सच्या मागे थांबा. थांब्यात मी.

गाडी सुसाट निघून गेली. मंगळवारी मी फ्लेक्सच्या पुढे जाऊन दोन्ही हात हलवले, तर ड्रायव्हर हरिसिंगकाका खिडकीतून ओरडले, "गाडी थांब्यावरच थांबते, पोरी! थांबा कुठी हाये?"

शुक्रवारी दहा वाजता मालेगावला खो-खोच्या जिल्हा संघाची निवड होती. त्यासाठी मी तीन वर्षं धावत होते आणि सकाळची गाडी ही एकच. आईची वांगीही बाजाराविना पडून होती. आम्ही दोघी दादांकडे गेलो.

दादांची जनसेवा दांडगी. चार वर्षांत त्यांच्याकडे आलेली प्रत्येक तक्रार एकाच विषयावर होती: फ्लेक्सवर माझा फोटो नाही. त्यामुळे तक्रार ऐकून घेण्याची गरज त्यांना उरली नव्हती.

"दादा, त्या फ्लेक्सपायी..." आईने सुरुवात केली.

"समजलं, प्रयागबाई! फोटो राह्यला तुमचा. हिरालाल, लिव!" हिरालाल म्हणजे दादांचे स्वीय सहाय्यक आणि गावातले एकमेव फ्लेक्सवाले.

"फोटो नाई हो, गाडी थांबून नाई राह्यली!"

"गाडीवाल्याचाबी राह्यला काय? लिव, हिरालाल!"

गुरुवारी संध्याकाळी फ्लेक्स साठ फुटांचा झाला. त्यात आई होती, मी होते, हरिसिंगकाका, कंडक्टर आणि न थांबलेल्या गाडीतले समस्त प्रवासी होते.

शुक्रवारी चमत्कार! गाडी थांबली. मी उडी मारून पहिली सीट पकडली. तेवढ्यात हरिसिंगकाका उतरले, कंडक्टर उतरला, मागून अख्खी गाडी उतरली.

"काका, चला ना! मायी निवड हाये!"

"दम धर न! माया चेहरा सापडून नाई राह्यला."

"तिसरी ओळ!" कंडक्टर ओरडला. "त्या पिवळ्या ड्रेसवाल्या पोरीच्या बाजूले!"

पिवळा ड्रेस माझा होता. मी फक्त एका सेल्फीपुरती उतरले. खरं सांगते, भारी दिसत होते. म्हणून अजून नऊ काढले.

मालेगावला पोचले तेव्हा मैदानातले खांब उपटणं चालू होतं.

संध्याकाळी दादांनी बोलावून घेतलं. नवा फ्लेक्स तयार होता: 'कु. तनुजा हिची जिल्हा संघात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!'

"पण दादा, निवड झालीच नाई."

"मैदानावर नाई झाली. फ्लेक्सवर तं झाली न?"

माझे कान तापले. मी ताठ उभी राहिले, त्यांच्या डोळ्यांत डोळे घातले आणि ठणकावून सांगितलं, "दादा, माया फोटो तुमच्याएवढा पायजे!"

इथवर तुम्ही हसत आलात ना? छान. तसंच हसत एक फोटो काढा आणि हिरालालकडे पाठवा. माझ्या फ्लेक्सवर खाली एक चौकट रिकामी आहे, आणि तुमची तक्रार यायच्या आधी ती भरलेली बरी.