मेतकूट मिळेल

आमच्या गल्लीत नवं दुकान उघडलं की पहिल्या गिऱ्हाइकाच्या आधी रावमामा येतात. रस्त्याच्या मधोमध उभे राहतात, हात मागे बांधून पाटी वाचतात आणि मोठ्याने जाहीर करतात, "फर्स्ट मिस्टेक!" मागून ऑटोवाला हॉर्न वाजवत असतो, त्याच्याकडे ते वळूनही बघत नाहीत.

सेकंड मिस्टेक मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नाही. त्यांना दिसणारी प्रत्येक चूक पहिलीच असते.

ब्लाऊज शिवणाऱ्या कुमारने पाटीवर स्वतःचाच हसरा फोटो छापला होता. मामांनी त्याला तमिळमध्ये विचारलं, "बायका तुझा चेहरा शिवून घ्यायला येतात का?" फोटो उतरला, तिथे ब्लाऊज टांगले गेले. इडलीवाल्या अम्मांचं भांडं आत, मागच्या भिंतीशी वाफाळत असायचं. मामा म्हणाले, "वास फुकट चाललाय. वाऱ्याला पगार द्यावा लागत नाही, त्याला कामाला लावा." भांडं दारात आलं, आणि बसस्टॉपवरची माणसं वाफेच्या दिशेने वळू लागली.

असे हे रावमामा. तंजावरकडचे मराठी. या तमिळ शहराच्या तिरुवल्लिकेणी भागात मी राहतो त्या मॅन्शनच्या, म्हणजे नोकरदार पोरांच्या लॉजच्या, तळमजल्यावर त्यांचं पोडीचं दुकान. सांबाराची पोडी, रसमची पोडी, सगळे मसाले घरी भाजून दळलेले. आणि त्यावर पाटी काय? भल्यामोठ्या देवनागरी अक्षरांत: 'मेतकूट मिळेल'. सांबार आणि रसम खाली कोपऱ्यात, औषधाच्या बाटलीवर असतात तेवढ्या तमिळ अक्षरांत.

गल्लीत ती पाटी कुणाला वाचता येईना. मुलांचा हात धरून आया मात्र यायच्या, अक्षरं हिंदी समजून शिकवणीची फी विचारायला. मामा शांतपणे सांगायचे, "हिंदी नाही. पण शिकायचं तर मूल नीट जेवायला हवं." आणि सांबार पोडीचं पाकीट हातात ठेवायचे. विक्रीचा बराचसा भाग हाच.

मी परांड्याचा. घरात पदवी घेतलेला पहिला, त्या पदवीच्या जोरावर इथल्या जॉर्ज टाउन बाजारातल्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे मार्केटिंगला लागलो. नव्या गावातल्या पहिल्याच संध्याकाळी ती पाटी दिसली आणि माझे पाय थांबले. "मेतकूट आहे?" मी विचारलं. मामा ताडकन उठले. खांद्यावरच्या पंच्याने स्टूल पुसलं.

"येवा, बसा. कुठल्या गावचे तुम्ही?"

"परांडा."

"आमचे लोकही तिकडूनच आले."

"कधी?"

"तीनशें वर्षांवर झालीं. तुम्ही?"

"आज सकाळी."

"मग अजून नवेच," ते म्हणाले आणि कॉफी मागवली. त्या दिवसापासून मी त्यांचा 'ग्रॅज्युएट'. ही हाक मला फार आवडते.

मामांची मुलगी सुधा शहराच्या टोकाला अंबत्तूरला राहते. विक्री वाढली नाही तर दिवाळीला दुकान बंद करून अप्पांना आपल्या घरी न्यायचं, असं तिने ठरवलं होतं. एका रविवारी ती मला तमिळमध्ये म्हणाली, "सर, तुम्ही मार्केटिंगमधले. तुम्हीच सांगा यांना."

मी सांगितलं. जे विकतो ते गिऱ्हाइकाला वाचता यायला हवं.

"ग्रॅज्युएट, हें मज ठाऊक आहे," मामा म्हणाले. "सांबार मोठें करा, रसम मोठें करा, माझें नांव पुसा. ती एक ओळ राहूं द्या."

"मेतकूट घेतं कोण, अप्पा? आपणच खातो!"

सगळ्या गल्लीला उत्तर देणारे मामा माझ्याकडे वळून हळू आवाजात मराठीत म्हणाले, "सुधाची आई गेली तेव्हांपासून घरांत मराठी नाहीं. हिला सगळें कळतें, पण बोलते तमिळ. बरोबरच आहे, इथेंच वाढली. ती ओळ विकण्यास नव्हें, ग्रॅज्युएट. ती जो वाचतो तो पायरी चढतो. मग मज बोलावयास मिळतें. तुम्ही आलांत कीं नाहीं?"

सुधाने बरणीचं झाकण लावलं. ते आधीपासून लागलेलंच होतं.

नवी पाटी तिनेच करवून घेतली. ठसठशीत तमिळमध्ये सांबार, रसम. आणि खाली देवनागरीत ती एक ओळ. त्या पाटीने दुकान वाचवलं. आता संध्याकाळी पोडीचे डबे रिकामे असतात, अंबत्तूरची गोष्ट निघत नाही. पण मला आठवते ती पाटी चढवली ती सकाळ.

रंगारी शिडी घेऊन गेला. सुधा रस्त्यात जाऊन उभी राहिली, अगदी मामांसारखी, हात मागे बांधून. आता 'फर्स्ट मिस्टेक' ऐकायला मिळणार, असं मला वाटलं. ती परत आली, पायरी चढली आणि एकेक शब्द चाचपत म्हणाली,

"मेतकूट... आहे?"

मामा उठले. पंच्याने स्टूल पुसलं, एकदा पुसून झाल्यावर पुन्हा पुसलं.

"येवा, बसा," ते म्हणाले. "कुठल्या गावच्या तुम्ही?"