तरुण कासव आणि निवृत्त सशी

एका जंगलात, मुलांनो, बास्केटबॉल खेळणं हा पोटाचा धंदा होता. संघात पाच खेळाडू. ते खेळायचे आणि जंगल त्यांना पोसायचं.

कप्तान होते आबा कासव. चेंडू हातात आला की आबा निघायचे. ते टोपलीपाशी पोहोचेपर्यंत प्रेक्षक घरी जाऊन जेवून यायचे. मगर चेंडू तोंडात धरून झोपायची. तो काढायला कोण हात घालणार? पोपट नुसत्याच सूचना द्यायचा. गिधाडाचं लक्ष चेंडूपेक्षा दमलेल्या खेळाडूंवर जास्त. राहिले गजाभाऊ हत्ती. ते एकेकाळी खरंच चांगले खेळत, पण आता त्यांचे गुडघे वाजायचे.

नदीपलीकडच्या माकडांकडून संघ दरवर्षी हरायचा.

शेवटी जंगल चिडलं. सभेत सगळ्यांनी एकच मागणी केली, संघात तरुण घ्या.

आबांनी मान पूर्ण बाहेर काढली. ते म्हणाले, "तरुणांना संधी मिळालीच पाहिजे. मी गेली ऐंशी वर्षं हेच सांगतोय."

टाळ्या पडल्या. निवड ठरली.

निवडीला पिंगी नावाची सशाची पोर आली. शेपटीएवढी होती तेव्हापासून तिला एकच वेड होतं, या संघातून खेळायचं. तिने मैदानाच्या मधूनच चेंडू टाकला. टोपलीत. पुन्हा टाकला. पुन्हा टोपलीत. गजाभाऊंनी सोंड वर केली आणि म्हणाले, माझी जागा हिला द्या, मी सुटलो.

आबा म्हणाले, घाई नको, आधी तरुण कोण ते ठरवू. मग निवड समिती बसली. समितीत आबा, मगर, पोपट आणि गिधाड होते. त्यांनी फार विचार करून नियम काढला. किती जगून झालं, ते मोजायचं नाही. पुढे किती उरलं, ते मोजायचं. ज्याचं जास्त उरलं, तो तरुण.

आबांची अजून दीडशे वर्षं सहज उरली होती. ते सर्वांत तरुण निघाले.

सशाचं आयुष्य ते केवढं! पिंगी सगळ्यांत म्हातारी ठरली.

"पण आबा, मी मागच्याच उन्हाळ्यात जन्मले," पिंगी म्हणाली.

"त्याचंच वाईट वाटतं, बाळ," आबा म्हणाले. "इतक्यात संपत आलं."

गजाभाऊंनी गुडघ्यांचं गाऱ्हाणं मांडून पाहिलं. त्यांना सांगण्यात आलं की उगवत्या खेळाडूने असं रडू नये.

सामन्याच्या दिवशी मध्यंतरापर्यंत माकडांचे चाळीस गुण झाले. आपल्या नव्या, तरुण संघाचा भोपळा. मध्यंतरात ज्येष्ठ खेळाडूंचा सत्कार होता. ज्येष्ठ एकच होती.

पिंगीला मंचावर बसवलं. अंगावर शाल घातली. शालीत ती कानांसकट बुडाली. हातात नारळ दिला. मग पोपट तिच्या प्रदीर्घ सेवेवर बोलू लागला. ती एकही सामना खेळली नव्हती, त्यामुळे त्याला बोलायला अडचण आली नाही.

शालीतून एक कान बाहेर आला. मग दुसरा. पिंगीने मैदानापलीकडच्या टोपलीकडे पाहिलं आणि हातातला नारळ फेकला.

नारळ बरोबर टोपलीत पडला.

सगळं जंगल उठून उभं राहिलं. गजाभाऊंना हुंदका आवरेना. आबा लोकांकडे वळून म्हणाले, "बघा, निवृत्तीनंतरही काय उमेद आहे! आणा रे, दुसरी शाल आणा."

माकडांची कप्तान मंचाजवळ आली. तिने हळूच विचारलं, "आमच्यात येतेस का गं? आम्ही वय विचारत नाही. चेंडू टाकता येतो का, तेवढं बघतो."

पिंगीने आबांकडे पाहिलं. आबा दुसऱ्या शालीची घडी मोडत होते. मग तिने अंगावरची शाल काढली, नीट घडी करून गजाभाऊंच्या गुडघ्यावर ठेवली आणि नदी ओलांडून गेली.

पुढच्या वर्षी माकडांचे ऐंशी गुण झाले. त्यातले साठ पिंगीचे.

जंगल पुन्हा चिडलं. आबांनी सर्वांना शांत केलं. म्हणाले, "पोरांचा संघ आहे, अजून घडतोय. पन्नास वर्षं धीर धरा." आणि जाता जाता, आजकालची पिढी नदीपलीकडे का पळते याचा शोध घ्यायला त्यांनी एक समिती नेमली. समितीत आबा, मगर, पोपट आणि गिधाड होते.

तात्पर्य: मुलांनो, भविष्य तरुणांचंच आहे. तरुण कोण, एवढं मात्र मोठ्यांना ठरवू द्यावं. आणि कोणी अंगावर शाल घालायला आलं, तर आधी टोपली किती लांब आहे ते पाहून ठेवावं.